ड्रमर आणि ड्रम मशीन एकाच मंचावर: पोस्ट-पंक कार्यक्रमाच्या तयारीच्या नोंदी

११ जानेवारी

लीड्समधल्या आमच्या चौघांच्या बँडला एप्रिलमध्ये एका पबच्या वरच्या मजल्यावर पोस्ट-पंक काळातील (म्हणजे पंक रॉकनंतर लगेच आलेल्या संगीताची) गाणी घेऊन पाऊण तासाचा कार्यक्रम करायचा आहे. मी बास वाजवतो आणि वायर, सोल्डरिंग, जोडण्या ही कामेही माझ्याकडे आहेत. गिटारवादक मित्र मूळचा सांगलीचा आहे आणि त्याच्याजवळ रोलँड टीआर-६०६ हे जुने ड्रम मशीन, म्हणजे भरून ठेवलेला ताल आपोआप वाजवणारे यंत्र आहे. ड्रमर इथलाच असून ऐंशीच्या दशकापासून वाजवत आला आहे. ज्यांना आपापल्या गावी असा संच उभा करायचा असेल, त्यांना काय जमले नाही आणि का जमले नाही हे कळावे, म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

निवडलेली गाणी तीन गटांत पडतात. जॉय डिव्हिजनच्या गाण्यांत खरा ड्रमर असतो आणि त्याच्या जोडीला ड्रम सिंथ, म्हणजे ठोका मारल्यावर इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारे वाद्य. सिस्टर्स ऑफ मर्सीच्या गाण्यांत सगळा ताल मशीनवर असतो, तर न्यू ऑर्डरच्या गाण्यांत माणूस आणि मशीन दोघे एकत्र वाजतात. या तिसऱ्या गटावरून पहिल्याच बैठकीत वाद झाला. गिटारवादकाचे म्हणणे असे की, या संगीताचा कोरडेपणा मशीनमुळेच येतो आणि ड्रमरने त्यात भर घातली की तो पातळ होतो. ड्रमरचे म्हणणे असे की, मशीन नुसता वेळ मोजते आणि गाणे पुढे ढकलण्याचे काम माणसालाच करावे लागते. या संगीताच्या चाहत्यांमध्ये चाळीसहून अधिक वर्षे हाच वाद चालू आहे. तो आमच्या खोलीत बोलून मिटणार नव्हता, म्हणून दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष वाजवून पाहायचे ठरले.

१८ जानेवारी

६०६ उघडून साफ केले. हे मशीन १९८१ साली बाजारात आले, म्हणजे त्यातल्या आवाजाच्या नॉब आणि कळा चार दशके जुन्या आहेत. नॉब फिरवताना येणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जवळजवळ पूर्ण गेली. सोळा कळांपैकी दोन दाबूनही लागत नव्हत्या, त्या बदलल्या. त्यांचे सुटे भाग सहा पौंडांत आले आणि त्यात एक दुपार गेली.

कामाला लागण्यापूर्वी या मशीनच्या तीन मर्यादा समजून घ्याव्यात. याला मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडण्याची पद्धत) नाही, कारण मिडी १९८३ साली आले. गती दाखवणारा आकडा कुठेही नाही, फक्त एक नॉब आहे. आणि सातही आवाज एकाच मोनो आउटपुटमधून बाहेर पडतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या तीन गोष्टींतूनच निघाल्या.

२५ जानेवारी

गतीचा नॉब अंधारात, दोन गाण्यांच्या मध्ये, अंदाजाने फिरवणे शक्य नाही. म्हणून बाहेरून घड्याळ, म्हणजे गती सांगणारी विजेची स्पंदने, द्यायचे ठरले. मिडीचे घड्याळ डिन-सिंकमध्ये, म्हणजे ६०६ ला कळणाऱ्या जुन्या पद्धतीत, बदलणारी छोटी पेटी सत्तर पौंडांना घेतली. दोन्ही पद्धतींत एका ठोक्याला चोवीस स्पंदने असतात, त्यामुळे हिशेब सरळ आहे. तरीही मशीन जागचे हलले नाही. पेटी खराब असावी असे समजून सेटिंग बदलण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

दोष केबलमध्ये होता. मिडी आणि डिन-सिंक दोघांचाही प्लग पाच पिनांचाच असतो, पण डिन-सिंकमध्ये चालू-बंदचा संकेत पहिल्या पिनवर, ग्राउंड दुसऱ्या पिनवर आणि घड्याळ तिसऱ्या पिनवर असते. मिडीला मात्र चौथी आणि पाचवी पिन लागते. बाजारातल्या बऱ्याच मिडी केबलमध्ये पहिली आणि तिसरी पिन जोडलेलीच नसते. प्लग नीट बसतो, केबल चांगली दिसते आणि संकेत मात्र पोहोचत नाही. मल्टीमीटरने पाचही पिना तपासल्यावर हे लगेच दिसले. पाचही तारा जोडलेली केबल स्वतः सोल्डर करून तयार केली. पेटीला दोष देण्यापूर्वी केबल तपासावी आणि मशीनच्या मागची सिंकची कळ इनपुटवर आहे ना, हेही आधी पाहावे.

१ फेब्रुवारी

मशीन आता बाहेरच्या घड्याळावर चालते. सुरुवातीला पहिला ठोका अधूनमधून हुकत होता. चालू होण्याचा संकेत आणि पहिले स्पंदन एकाच क्षणी पोहोचले, तर मशीन ते पहिले स्पंदन धरत नाही. पेटीच्या सेटिंगमध्ये पहिले स्पंदन काही मिलिसेकंद उशिरा सोडण्याची सोय होती आणि ती लावल्यावर दोष गेला.

आज पहिला एकत्र सराव झाला. मशीनचा ताबा गिटारवादकाकडे होता, कारण मशीन त्याचे आहे आणि पॅटर्नही (तालाचे भरून ठेवलेले नमुने) त्यानेच भरले आहेत. फक्त मशीन असलेली गाणी बरी झाली. दोघे एकत्र वाजवायच्या गाण्यांत मात्र प्रत्येक किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) दोनदा ऐकू येत होती, एकदा मशीनची आणि लगेच मागोमाग ड्रमरची. गिटारवादक म्हणाला की, ड्रमर मागे पडतो. ड्रमर म्हणाला की, त्याला मशीन नीट ऐकूच येत नाही.

ड्रमरचे बरोबर होते, हे टेपने अंतर मोजल्यावर कळले. मशीनचा अँप गिटारच्या बाजूला, ड्रमच्या संचापासून सुमारे पाच मीटरवर होता. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे मशीनचा ठोका ड्रमरच्या कानापर्यंत पंधरा मिलिसेकंद उशिरा जातो, आणि तो ऐकून ड्रमर त्याच्याशी जुळवून घेतो. मिनिटाला १३० ठोक्यांच्या गतीला सोळावा भाग (म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाचा सोळावा हिस्सा) सुमारे ११५ मिलिसेकंदांचा असतो. त्यात पंधराचा फरक म्हणजे ठोका फाटल्यासारखा ऐकू येणारच. ड्रमर कितीही चांगला असला, तरी जे त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते त्याच्याशी तो वेळेवर जुळू शकत नाही.

अँप उचलून ड्रमरच्या डाव्या खांद्याजवळ ठेवला. दुहेरी किक पूर्ण गेली नाही, पण निम्म्याहून अधिक कमी झाली.

८ फेब्रुवारी

ड्रमरच्या आग्रहावरून उलटी रीत करून पाहिली, म्हणजे माणूस पुढे आणि मशीन मागे. त्याच्या किकला ट्रिगर (ठोका पडला की विजेचा संकेत देणारे साधन) लावून त्यातून मशीनची गती ठरवण्याचा प्रयत्न केला. मनातून मलाही हे जमावे असे वाटत होते.

जमले नाही. मशीनला एका ठोक्यात चोवीस स्पंदने लागतात आणि किक मारल्यावर मिळते ती एकच खूण. मधली तेवीस पेटीने मागच्या ठोक्यांवरून अंदाजाने भरायची असतात. त्यामुळे मशीन नेहमी झालेल्या ठोक्याच्या मागे धावते. सरळ तालात ते खपून जाते, पण ड्रमरने भराव (नेहमीचा ताल सोडून मध्येच वाजवलेला तुकडा) वाजवला किंवा किकचा एक ठोका सोडला की मशीन एकदम धावते किंवा अडखळते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बदलणाऱ्या तालातच ही पद्धत चालेल आणि तसा ताल असेल तर ड्रमरची गरजच उरत नाही. ट्रिगर उतरवून ठेवला. तो पुढे पॅडसाठी उपयोगी पडला, त्यामुळे त्याचे पंचवीस पौंड वाया गेले नाहीत.

१५ फेब्रुवारी

आज वाजवण्यापेक्षा बोलणे अधिक झाले, आणि ते बोलणे कामाला आले.

ड्रमरने वायर या बँडचे उदाहरण काढले. त्यांचा ड्रमर रॉबर्ट गोटोबेड १९९० साली बँड सोडून गेला, कारण मशीन आणि सिक्वेन्सर (भरलेले सूर क्रमाने आपोआप वाजवणारी यंत्रे) इतके वाढले होते की त्याला करण्यासारखे फारसे उरले नव्हते. उरलेल्या तिघांनी नावातले शेवटचे अक्षर गाळून काम पुढे चालवले. आमच्याकडेही तेच होईल, अशी ड्रमरची भीती होती आणि ती त्याने स्पष्ट बोलून दाखवली.

गिटारवादकाने त्यावर सिस्टर्स ऑफ मर्सीचे उदाहरण दिले. याच लीड्समध्ये त्या बँडने ड्रमर न ठेवता मशीनलाच डॉक्टर ॲव्हलांश असे नाव देऊन सदस्य केले. ते आधी बॉस डीआर-५५ होते, मग आमच्याकडे आहे तेच ६०६ आणि पुढे ओबरहाइम डीएमएक्स. शिकागोच्या बिग ब्लॅकनेही आपल्या ६०६ ला रोलँड या नावाने वादकांच्या यादीत बसवले होते.

मला यात एक गोष्ट वेगळी दिसते आणि पुढचे सगळे काम मी तिच्यावर आधारले. सिस्टर्सच्या १९८० मधल्या पहिल्या सिंगलवर ड्रम वाजवले ते बँडचा गायक अँड्र्यू एल्ड्रिचने, आणि पुढे मशीनचे पॅटर्न बसवणाराही तोच. न्यू ऑर्डरमध्ये डीएमएक्स आले तेव्हा ते स्टीफन मॉरिसच्या हाती गेले, म्हणजे ड्रमरच्याच. मॉरिसने त्याआधी, १९७९ मध्ये, जॉय डिव्हिजनमध्ये असतानाच सिनेअर हे तबकडीसारखे दिसणारे ड्रम सिंथ आपल्या संचात बसवले होते. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेटने त्याला ड्रमचे भाग वेगवेगळे वाजवायला लावून मशीनसारखे सुटे करून घेतले, हेही त्याने पचवले. मशीन ड्रमरच्या हाती असले की तो तिला आपल्या वाद्यांपैकी एक मानतो, आणि ती दुसऱ्याच्या हाती असली की तिच्यामुळे त्याची जागा जाते. याला अपवाद आहेत. बिग ब्लॅकचा स्टीव्ह अल्बिनी गिटारवादक होता. कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सकडे ड्रमर नव्हताच. नातलगाने घरी बनवलेल्या ताल-यंत्राचा आवाज ते कॅसेटवरून वाजवत. पण या दोन्ही बँडमध्ये मशीनच्या शेजारी बसलेला ड्रमर नव्हता, आमच्याकडे तो आहे.

तेव्हा मी असे सुचवले की, ६०६ आणि घड्याळाची पेटी दोन्ही ड्रमरच्या डाव्या हाताशी, हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) वर बसवावी आणि चालू-बंद, पॅटर्न, आवाज यांचा सगळा ताबा त्याच्याकडे द्यावा. गिटारवादकाला हे जड गेले, कारण मशीन त्याचे आणि पॅटर्नही त्याचेच. शेवटी तो मला म्हणाला, ‘‘बघ बाबा, तुझ्या शब्दावर देतोय. पण पॅटर्न मी भरलेत तसेच राहिले पाहिजेत.’’ एवढ्यावर ठरले.

२२ फेब्रुवारी

ताबा बदलल्यावरचा पहिला सराव झाला. दुहेरी किकवरचा उपाय ड्रमरनेच काढला: एका ठोक्यावर दोघांनी यायचे नाही. न्यू ऑर्डरच्या गाण्यांत किक आणि सोळाव्या भागांची हाय-हॅट मशीनकडे. स्नेअर (तडतडीत आवाजाचा छोटा ड्रम), टॉम (त्याहून घुमणारे ड्रम) आणि सिम्बल (झांज) माणसाकडे. ‘ब्लू मंडे’ सुमारे १३० च्या गतीचे आहे आणि त्याच्या सुरुवातीची किकची सर एका पायाने सलग आणि एकसारखी वाजणे अवघड आहे, त्यामुळे ती मशीनकडे जाणे योग्यच होते. त्याउलट मशीनची स्नेअर प्रत्येक वेळी एकाच जोराने पडते आणि गायकाचा आवाज चढतो तिथे ती मागे राहते. स्नेअर माणसाकडे आल्याबरोबर गाणे उचलले गेले, हे गिटारवादकानेही मान्य केले.

ड्रमरने मशीनची हाय-हॅट ऐकत स्नेअर किंचित मागे ठेवायला सुरुवात केली आहे. याला चूक म्हणता येणार नाही. फरक प्रत्येक ठोक्यावर सारखाच राहतो आणि त्यामुळे गाण्याला वजन येते. आधीच्या दुहेरी किकमध्ये हा फरक दर ठोक्याला बदलत होता, म्हणून ती कानाला खुपत होती.

१ मार्च

जॉय डिव्हिजनच्या गाण्यांसाठी पॅड बनवायला घेतला. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’मधला तो खाली घसरत जाणारा, थोडा फुसफुसणारा ठोका सिनेअरचा आहे. जुने सिनेअर शोधून विकत घेण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. म्हणून ट्रिगर पॅड घरी बनवून तो ड्रमरकडच्या ट्रिगर इनपुट असलेल्या सॅम्पलर मॉड्यूलला (भरलेले आवाज संकेत मिळताच वाजवणाऱ्या पेटीला) जोडायचा आणि आवाज सिंथवर स्वतः तयार करून त्यात भरायचा, असे ठरवले.

आवाजाची कृती सोपी आहे. एक ऑसिलेटर, ज्याचा स्वर ठोका पडताच वरून खाली घसरेल. त्यात थोडा पांढरा गोंगाट (सगळे स्वर मिसळलेला ‘सूं’ असा आवाज). आणि दोन्हींची लांबी एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास. गोंगाट जास्त झाला की ठोक्याचा स्वर हरवतो आणि कमी झाला की तो खेळण्यातल्या बंदुकीसारखा वाटतो. आम्ही गोंगाट एक चतुर्थांशाच्या जवळ ठेवला.

पॅडसाठी बारा मिलिमीटरचे प्लायवूड, त्यावर पस्तीस मिलिमीटरची पिझो चकती (कंपापासून विजेचा संकेत बनवणारी), वर फोम आणि सर्वांत वर रबराचा तक्ता. चकतीला समांतर एक मेगाओमचा रोधक लावला. चकतीच्या पांढऱ्या भागावर सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावे, नाहीतर उष्णतेने तो भाग उडतो. माझ्या दोन चकत्या अशाच गेल्या, पण त्या स्वस्त असतात आणि जास्तीच्या आणून ठेवल्या होत्या. सगळा खर्च अठरा पौंडांच्या आत बसला.

८ मार्च

पॅड वाजतो, पण कुणी न मारताही वाजतो. किक पडली की तिचा कंप स्टँडमधून चढून पॅडपर्यंत येतो आणि चकतीला तो ठोकाच वाटतो. मॉड्यूलवर संवेदनेची किमान मर्यादा वाढवली, तर कंप थांबले, पण हलक्या हाताचे ठोकेही बंद झाले. एका ठोक्यानंतर काही काळ दुसरा ठोका न धरण्याची सोय वापरली. त्याने एकाच ठोक्याचे दोन होणे थांबले, किकचा प्रश्न तसाच राहिला.

उपाय सेटिंगमध्ये नव्हता, तो जोडणीत होता. पॅड टॉमच्या स्टँडवरून काढून स्वतंत्र स्टँडवर नेला आणि क्लॅम्पच्या आत जाड रबराची पट्टी घातली. त्यानंतर मर्यादा पुन्हा खाली आणता आली. ज्यांना असा पॅड करायचा असेल, त्यांनी वेगळ्या स्टँडपासूनच सुरुवात करावी. माझी संपूर्ण संध्याकाळ आकडे बदलण्यात गेली.

१५ मार्च

एकाच मोनो आउटपुटची अडचण आज सोडवली. ६०६ ची किक हलकी आहे. मिक्सरवर तिला खालून उचलावे तर त्याच वाटेने येणारी सिम्बल आणि हाय-हॅटही बदलतात. प्रत्येक आवाजाचे वेगळे आउटपुट काढण्यासाठी मशीनला भोके पाडण्याची पद्धत प्रचलित आहे, पण जुन्या आणि दुसऱ्याच्या मालकीच्या मशीनला ते करायला मी तयार नव्हतो.

६०६ ला दोन ट्रिगर आउटपुट आहेत आणि ती दोन टॉमच्या ओळींवरून चालतात. म्हणून किकचा पॅटर्न खालच्या टॉमच्या ओळीत लिहिला, टॉमच्या आवाजाचा नॉब शून्यावर आणला आणि त्या ट्रिगरवरून मॉड्यूलमधली जाड किक वाजवली. ट्रिगरचा संकेत मॉड्यूलला जड जात होता, म्हणून दोन रोधकांनी तो कमी केला. आता किक वेगळ्या वाटेने मिक्सरवर जाते आणि बाकीचे आवाज मूळ मशीनचेच राहतात. मात्र ज्या गाण्यांत टॉम हवे आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही. सिस्टर्सच्या एका गाण्यात त्यामुळे मूळ हलकी किकच ठेवली आणि तिथे बासचा खालचा भाग मी वाढवला.

नवीन घेणाऱ्यांसाठी: ६०६ च्या धर्तीवर हल्ली बनणाऱ्या काही मशीनना मिडीही असते आणि प्रत्येक आवाजाचे वेगळे आउटपुटही. जुन्या मशीनचा आग्रह नसेल तर त्यांपैकी एक घ्यावे. केबल, पेटी आणि ट्रिगर ही तिन्ही प्रकरणे टळतील.

२२ मार्च

मशीनमधले सगळे पॅटर्न गेले. त्यात सी आकाराचे चार सेल असतात आणि अडॅप्टर काढल्यावर स्मृती त्यांच्यावरच टिकते. सेल उतरले होते. सराव संपवून अडॅप्टर काढल्यावर मशीन कोरे झाले. ‘ब्लू मंडे’च्या वेळी डीएमएक्समध्ये भरलेला ताल वीजेची वायर निघाल्याने पुसला गेला आणि पुन्हा भरावा लागला, हे बँडच्या लोकांनी सांगितले आहे, आणि आम्हाला ते ठाऊकही होते.

एका गोष्टीने वाचवले. गिटारवादकाने पॅटर्न जसेच्या तसे राहण्याची अट घातली होती, म्हणून ड्रमरने प्रत्येक पॅटर्न कागदावर उतरवून घेतला होता: सोळा उभे रकाने, आणि आडव्या ओळींत ॲक्सेंट (जोराचा ठोका), किक, स्नेअर, दोन टॉम, सिम्बल, उघडी आणि बंद हाय-हॅट. त्या कागदांवरून सगळे परत भरायला एक संध्याकाळ लागली. न्यू ऑर्डरच्या जिलियन गिल्बर्टनेही सिक्वेन्सरसाठीचे सगळे सूर एकमेकांना चिकटवलेल्या कागदांवर लिहून काढले होते आणि भरताना त्यांतला एक सूर राहून गेल्याने ‘ब्लू मंडे’मधली सिंथची ओळ तालापासून थोडी सरकली. म्हणून भरणे झाल्यावर दुसऱ्याने कागद हातात धरून एकेक रकाना ऐकत तपासावा. आम्ही तसे केले आणि चुकीच्या जागी पडलेले तीन ठोके सापडले.

नवे सेल घातले आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात ते पुन्हा बदलायचे, असे कागदावरच लिहिले.

५ एप्रिल

पूर्ण आवाजात सराव केला. मशीन अडॅप्टरवर असताना स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत होता. वीजेची अर्थिंग तोडून तो घालवण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. ते जिवावरचे आहे आणि कधीही करू नये. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची पेटी) लावून त्याची ग्राउंड-लिफ्ट कळ दाबली, तेव्हा गुणगुण बरीच कमी झाली, आणि अडॅप्टर काढून मशीन सेलवर चालवले तेव्हा ती संपली. कार्यक्रमात मशीन सेलवरच चालवायचे ठरले. डीआय बॉक्स वापरलेला, वीस पौंडांना मिळाला.

ड्रमरला कानात क्लिक (गती सांगणारी एकसारखी टिकटिक) द्यावा की नाही, यावर शेवटचा वाद झाला. गायकाला क्लिक सुरक्षित वाटत होता. ड्रमरने नकार दिला आणि मी त्याच्या बाजूने होतो. क्लिक हा कुणालाही ऐकू न येणारा तिसरा वादक होतो आणि ड्रमर त्याच्याशी जुळतो, मशीनशी नाही. त्याच्याजवळच्या अँपमध्ये मशीनची हाय-हॅट वर आणि बाकी सगळे खाली ठेवले. त्याच्यासाठी तीच क्लिक आहे आणि ती श्रोत्यांनाही ऐकू येते.

१२ एप्रिल

कार्यक्रम झाला. मंच इतका लहान होता की स्वतंत्र स्टँडवरचा पॅड किकला टेकत होता. तो ड्रमरच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या पलीकडे नेला आणि त्याला हात वळवून वाजवावे लागले. दोन ठोके त्यामुळे चुकले. घड्याळाने कुठेही दगा दिला नाही. साउंड इंजिनिअरने मशीनची किक सुरुवातीला खोलीच्या मानाने फार वर ठेवली होती. ती वेगळ्या वाटेने येत होती म्हणूनच तिला पहिल्या गाण्यातच खाली आणता आले.

सिस्टर्सच्या गाण्यांत ड्रमर मंचावरच बसून राहिला. तो पॅटर्न बदलत होता, कडव्यानंतर हाय-हॅटचा नॉब वर नेत होता आणि शेवटच्या गाण्यात त्याने सिम्बलचा आवाज हाताने हळूहळू चढवला. कार्यक्रमानंतर जुन्या चाहत्यांपैकी एकाने त्यावर हरकत घेतली. त्याच्या मते त्या गाण्यांत ड्रमरने खाली उतरायला हवे होते, कारण रिकामी जागा दिसणे हाच त्या बँडचा बाणा होता. त्याच्याबरोबरच्या बाईंना तसे वाटले नाही. मशीन कुणीतरी वाजवते आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसले आणि ते आवडले, असे त्यांनी सांगितले. हरकतीत तथ्य आहे. सिस्टर्सचे मंचावरचे रूप धूर, काळोख आणि न दिसणारा डॉक्टर यांतूनच घडले होते. तरीही सिम्बल हाताने चढवताना गाण्यात जे आले, ते सोडायला मी तयार नाही. पुढच्या वेळी त्या गाण्यांपुरता ड्रमरवरचा दिवा बंद ठेवू. त्याचे हात मशीनवरच राहतील.

१९ एप्रिल

बाकी राहिलेली कामे: पॅड फ्लोअर टॉमजवळ कायमचा बसवायचा असेल तर क्लॅम्पमधले रबर दुप्पट जाड हवे, कारण तिथे किकचा कंप कमी पण टॉमचा जास्त आहे. सिस्टर्सच्या टॉम असलेल्या गाण्यासाठी जाड किकचा मार्ग अजून सापडलेला नाही. त्यासाठी मॉड्यूलमध्ये टॉमही भरून दुसऱ्या ट्रिगर आउटपुटवर घालून पाहायचे आहेत. मशीन गिटारवादकाने घरी नेलेले नाही, ते ड्रमरकडेच आहे आणि दोघे मिळून त्यात आणखी दोन गाण्यांचे पॅटर्न भरत आहेत. त्यांचे कागद या वेळी गिटारवादक लिहितो आहे.